तुमचं मूल ‘व्हिज्युअल लर्नर’ नाही

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर वरचेवर फिरतो. काही मुलं पाहून शिकतात, काही ऐकून, काही करून. आपल्या मुलाची ‘शैली’ चाचणी घेऊन ओळखा, त्याच शैलीत शिकवा, प्रगती होईल. मागे पडणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणू नका, ही त्यामागची कळकळ मला मनापासून पटते. दावा मात्र चुकीचा आहे, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेते.

‘प्रत्येकाची आवड वेगळी असते.’ असते, वादच नाही. पण एखादी पद्धत आवडणं वेगळं आणि तिने जास्त शिकणं वेगळं. शैली ओळखण्यासाठी वापरली जाणारी, नील फ्लेमिंग यांची १९९२ सालची प्रसिद्ध ‘वार्क’ प्रश्नावली आवडच विचारते: कुणाला पत्ता सांगायचा तर नकाशा काढाल की बोलून सांगाल, अशा धर्तीचे प्रश्न. उत्तरांवरून मुलाला काय रुचतं ते कळेल. त्याच्या डोक्यात काय टिकेल, ते नाही कळत.

‘हे शास्त्राने सिद्ध झालंय.’ इथे जरा थांबते, कारण सगळी भिस्त याच वाक्यावर आहे. दावा खरा ठरायला काय दिसायला हवं? ‘पाहणारे’ आणि ‘ऐकणारे’ असे दोन गट करा, प्रत्येकातल्या निम्म्यांना चित्रांतून आणि निम्म्यांना बोलून शिकवा, शेवटी सगळ्यांना एकच परीक्षा द्या. पाहणारे चित्रांतून पुढे गेले आणि ऐकणारे बोलण्यातून, तरच शैलीला अर्थ. २००८ साली मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कसोटीवर तोवरचं संशोधन तपासलं. एवढी काटेकोर पाहणी करणारे अभ्यास मोजकेच निघाले, आणि त्यांतल्या काहींचे निष्कर्ष थेट दाव्याच्या उलट होते. पुढे २०१५ साली बेथ रोगोव्स्की यांच्या गटाने प्रौढांना एकाच पुस्तकातला मजकूर ऐकायला किंवा वाचायला दिला. कोणाची आवड कोणती, यावरून कोणाला किती समजलं याचा काहीही मेळ लागला नाही.

शिवाय शैली नेमक्या किती? २००४ सालच्या एका ब्रिटिश आढाव्यात ७१ वेगवेगळी वर्गीकरणं मोजली गेली. मग मुलाला नेमकं कोणतं लेबल लावायचं?

‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, केलेलं ९० टक्के.’ हे आकडे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या ‘अनुभवांच्या शंकू’च्या, म्हणजे प्रत्यक्ष करण्यापासून नुसत्या शब्दांपर्यंतचे अनुभव एकावर एक रचून दाखवणाऱ्या आकृतीच्या, नावावर खपवले जातात. डेल यांनी १९४६ साली शंकू मांडला, पण त्यात टक्केवारी नव्हतीच. ती नंतर कुणीतरी चिकटवली.

‘गार्डनर यांनीही हेच सांगितलंय.’ नाही. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत, म्हणजे बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते हा विचार, १९८३ सालचा. तो म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, हे त्यांनी स्वतः स्पष्ट केलं आहे.

‘म्हणजे सगळी मुलं सारखीच?’ मुळीच नाही. कुणाला आधीचं किती येतं, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि शिकवताना सगळ्यात आधी तोच बघायला हवा. दृष्टिहीन मुलाला ब्रेल लागते, वाचनाची अडचण असलेल्याला वेगळी मदत लागते. तो त्याचा हक्क आहे, आवडीनिवडीचा प्रश्न नाही. आणि पद्धत बहुतेक वेळा विषयच ठरवतो. नकाशा पाहूनच कळतो, उच्चार ऐकूनच येतो, पोहायला पाण्यातच उतरावं लागतं, मग शिकणारा कुणीही असो.

‘पण लेबल लावल्याने बिघडतं काय?’ माझा भाचा सातवीत आहे. चाचणीत ‘व्हिज्युअल’ निघाल्यापासून त्याने पुस्तक मिटलं ते मिटलंच. “मावशी, मला वाचून नाही गं कळत, मी व्हिज्युअल आहे.” रक्ताभिसरणाचा व्हिडिओ त्याने तीनदा पाहिला होता. मी टॅब बाजूला ठेवला, कोरा कागद दिला आणि म्हटलं, हृदयातून रक्त कुठे कुठे जातं ते काढ. उजव्या खालच्या कप्प्यातून त्याने बाण काढला तो थेट हातापायांकडे. फुप्फुसं राहूनच गेली. “पाहताना तर सगळं कळत होतं,” तो पुटपुटला. मग त्याने स्वतःहून पुस्तक उघडलं, दोन परिच्छेद वाचले, बाण खोडला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा कोरा कागद. या वेळी फुप्फुसं जागच्या जागी आली, आणि कागदाच्या कोपऱ्यात त्याने स्वतःसाठी एक प्रश्न लिहिला होता: डावी बाजू जाड का?