काळं पडलेलं नाणं घासू नका

दिवाळी जवळ आली की एक संदेश फिरायला लागतो. घरातली जुनी नाणी चिंच-मीठ, लिंबू किंवा टूथपेस्ट लावून घासा, काळेपणा म्हणजे निव्वळ घाण, नाणं जितकं चकचकीत तितकी किंमत जास्त, आणि घासलेलं कुणाच्या लक्षातही येत नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. यातलं प्रत्येक वाक्य चूक आहे, आणि त्यापायी दरवर्षी घरोघरची चांगली नाणी वाया जातात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी ‘काळेपणा म्हणजे घाण’. चांदीवरचा काळा थर म्हणजे हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन खुद्द चांदीचंच झालेलं सल्फाइड. तांब्यावरचा तपकिरी थर तांब्याच्याच ऑक्साइडचा. म्हणजे तो थर धातूचाच आहे, वरून बसलेली धूळ नव्हे. तो काढताना नाण्याची कातडीच सोलली जाते. वर्षानुवर्षं एकसारखा चढलेला असा थर संग्राहकाला हवाच असतो, कारण नाण्याला कुणी हात लावलेला नाही याची ती खूण असते.

‘चमक वाढली की किंमत वाढते’ हा समज कुठून आला ते मला कळतं. भांडं घासलं की छान दिसतं, दागिना सराफाकडून उजळून आणतात. पण टांकसाळीची झळाळी वेगळी. ठसा दाबताना धातू पसरतो आणि नाण्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. नाणं हातात हळूहळू फिरवलं की त्या रेषांवरून प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. टूथपेस्टमधली खरखरीत पूड त्या रेषाच खरवडून टाकते. उरते ती स्टीलच्या वाटीसारखी सपाट चकाकी. गेलेली झळाळी जगातला कुठलाही कारागीर परत आणू शकत नाही.

शिवाय आपल्याकडच्या नाण्यांची ओळख फार बारीकसारीक खुणांवर असते. राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असलेल्या चांदीच्या रुपयाचंच घ्या. १८६२ साल घातलेले रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते, साल तेच ठेवून. मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर खरं वर्ष ओळखायचं ते सालाच्या वर-खाली असलेल्या इवल्याशा ठिपक्यांवरून. एक ठिपका पुसला की ओळखच गेली. शिवराईचं, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याचंही तसंच. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. पण अक्षरांचं वळण, वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, कडेची ठिपक्यांची माळ शिल्लक आहे का, यावरून तिचे प्रकार पडतात. आधीच झिजलेल्या तांब्यावर घासणी फिरवली तर वाचायला काय उरणार?

चिंच-मिठाचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. चिंचेतलं आम्ल थर खाऊन टाकतं आणि तांबं कच्चं गुलाबी दिसू लागतं. हा रंग जुन्या नाण्यावर कधीच नसतो. मीठ त्याहून वाईट. त्यातलं क्लोराइड तांब्याच्या बारीक छिद्रांत राहून गेलं, तर काही महिन्यांनी फिकट हिरवी भुकटी यायला लागते. हा नाण्याचा रोगच आहे, आणि तो धातू आतून पोखरत जातो. आधीच अशी भुकटी आलेलं नाणं मात्र तसंच ठेवू नये. ते वेगळं काढावं आणि जाणकाराला दाखवावं.

‘कुणाला कळत नाही’ हे तर अजिबात खरं नाही. दहापट दाखवणारं भिंग आणि तिरपा उजेड, एवढं पुरतं. एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे आणि अक्षरांच्या खोबणीत अडकलेली काळी रेघ लगेच दिसते. पीसीजीएस, एनजीसी यांसारख्या प्रतवारी संस्था एरवी ७० पर्यंतच्या मापावर आकडा देतात. घासलेल्या नाण्याला तो आकडा मिळत नाही, ‘क्लीन्ड’ असा शेरा मिळतो. मग नेहमी सापडणाऱ्या राणीछाप रुपयाला उरते ती वजनाची किंमत. ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा तुकडा. तेवढे पैसे तर तो काळा असतानाही मिळतच होते.

मग काहीच करायचं नाही का? माती किंवा चिकटा असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा. पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटाचा हिरवट चिकटपणा आला असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन चालतं, नखांचं रिमूव्हर नको. चोळायचं नाही, कापडानेही नाही, नुसतं टिपायचं. आणि ते पीव्हीसीचं पाकीट फेकून द्या.

मागच्या दिवाळीत शेजारच्या काकूंनी मोठ्या हौसेने त्यांच्या सासूबाईंचा राणीछाप रुपया दाखवला. लक्ष्मीपूजनासाठी रांगोळीने लख्ख घासलेला. सालाखालची जागा पूर्ण गुळगुळीत झाली होती. मला फार वाईट वाटलं, पण त्यांनी ते भक्तीने केलं होतं. तो एक रुपया आता कायम पूजेचा, असं आम्ही ठरवलं. डब्यात अजून नऊ होते, काळेकुट्ट. त्यांच्या कडांना बोटांनी धरून एकेक कागदी पाकिटात ठेवला आणि पाकिटांवर काकूंच्याच अक्षरात लिहून घेतलं : ‘घासू नये’.