‘बाळंत झालं की गाठ विरते’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मजकूर फिरतोय. गरोदरपणी स्कॅनिंगमध्ये पोटात गाठ दिसली तरी बाळंत झाल्यावर ती आपोआप विरते, पुन्हा स्कॅनिंग नको, काढा आणि शेक पुरे, ऑपरेशन सांगणारा डॉक्टर पैसे काढतो.

‘आपोआप विरते.’ पुष्कळदा विरते, खरं आहे. स्त्रीबीज सुटल्यावर अंडाशयात उरलेल्या भागात पाणी भरून गाठ होते. गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन सुरुवातीला तोच भाग पुरवतो. पुढे वार (प्लॅसेंटा) ते काम घेते आणि गाठ बहुधा सोळाव्या आठवड्यापर्यंत नाहीशी होते. म्हणजे डोहाळजेवणाच्याही आधी! श्रेय मात्र बाळंतपणाला. वारेच्या हार्मोनमुळे दोन्ही अंडाशयं फुगून आलेल्या गाठी बाळंतपणानंतरच ओसरतात, पण त्या क्वचित.

केस, चरबी, कधी दातही असलेली डर्मॉइड गाठ बाळंतपणाने विरत नाही. चॉकलेट सिस्ट, म्हणजे अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ, गरोदरपणात लहान होऊ शकते, जाईलच असं नाही. कुत्र्याच्या विष्ठेतल्या जंताच्या अंड्यांमुळे यकृतात होणाऱ्या गाठीचा तर बाळंतपणाशी संबंधच नाही. बाळंतपणानंतरही जी गाठ उरते, तीच नीट तपासायची असते.

‘पुन्हा स्कॅनिंग नको, शेक पुरे.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. बाळंतपणानंतर गर्भाशय साधारण सहा आठवड्यांत पूर्ववत होतं, आणि या काळात गाठीसकट अंडाशयाला पीळ पडू शकतो. मग रक्तपुरवठा तुटतो. एका बाजूला अचानक तीव्र कळ येते, उलट्या होतात. बाळंतिणीचं पोट दुखायचंच म्हणत घरची मंडळी शेगडी पुढे ओढतात, आणि अंडाशय वाचवायचे तास निघून जातात.

डॉक्टरांबद्दल थोडक्यात. 5 सेंमीहून लहान, पातळ भिंतीच्या, नुसत्या पाण्याच्या गाठीवर बहुतेक डॉक्टर लक्षच ठेवतात. कॅन्सरच्या शंकेने रक्तात तपासलं जाणारं सीए-125 गरोदरपणात एरवीही वाढतं, त्यामुळे त्या एकाच आकड्यावर कुणी कॅन्सर म्हणून घाबरवलं तर जरूर जाब विचारा.

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. सून बेळगावची, बाळंतपण चंदगड-गडहिंग्लजच्या माहेरी, आणि पहिला रिपोर्ट सासरच्या कपाटात. तो तायी कार्डातच, म्हणजे कर्नाटकात गरोदर बाईला मिळणाऱ्या नोंदींच्या कार्डात, ठेवा. दीड महिन्याला बाळाच्या लशीला जाल तेव्हा तो दाखवून आईच्या स्कॅनिंगचंही विचारा. जुनं माप समोर असलं तरच गाठ आकसली की वाढली ते कळतं.