इतर सर्वांना वगळून

लग्न ठरलंय आणि नवरा मेलबर्नचा आहे? अभिनंदन. हॉल, केटरर, मानपान या किरकोळ गोष्टी आता घरच्यांवर सोडा. तुम्ही आधी जोडीदार-व्हिसाच्या अर्जासाठी लॅपटॉप उघडून एक फोल्डर करा. नाव द्या 'संसार'. त्याच्या पोटात आणखी चार : पैसा, घर, समाज आणि बांधिलकी. आपल्याला सप्तपदीत सात पावलं लागतात, ऑस्ट्रेलियाचं चारात भागतं. त्यांच्या १९९४ सालच्या मायग्रेशन रेग्युलेशन्समध्ये १.१५ए नावाचं कलम आहे, त्यात ही चारही लिहून ठेवली आहेत. आपल्याकडे निदान मंत्र म्हणायला भटजी असतात. इथे पोथी यजमानानंच वाचायची आणि दक्षिणा आधी भरायची. नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, म्हणजे आपले पाच लाख तरी धरून चाला. अर्ज फेटाळला तर दक्षिणा परत मिळत नाही. तेवढ्यापुरती मात्र परंपरा जुळते.

"आमच्याकडे मॅरेज सर्टिफिकेट आहे की," असं म्हणणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. मीही म्हटलं होतं. १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे आमचं सगळं जिथल्या तिथे होतं. नमुना 'ड' भरलेला, पुरोहिताची सही, तीन साक्षीदार, सोबत लग्नपत्रिका. पण त्या कागदावरून एवढंच कळतं की लग्न लागलं. लग्न आहे, हे वेगळं सिद्ध करायचं असतं.

लग्न आहे म्हणजे काय, हे त्यांच्या १९५८ च्या कायद्यात कलम ५एफमध्ये सापडेल. नातं खरं आणि चालू असावं, नवरा-बायको एकत्र राहत असावेत, निदान कायमचे वेगळे राहत नसावेत, आणि 'इतर सर्वांना वगळून' एकत्र आयुष्य घालवायची दोघांची बांधिलकी असावी. हे वाक्य घरी मोठ्यानं वाचू नका. मी वाचलं. सांगलीच्या घरात तेव्हा सासूबाई, सासरे, नणंद, आत्येसासूबाई आणि विरजण न्यायला आलेल्या शेजारच्या काकू एवढी माणसं हजर होती.

"वगळून म्हणजे? आम्हाला?" सासूबाई म्हणाल्या.

नवरा व्हिडिओ कॉलवर होता. कायद्याची भाषा तशीच असते, असं त्यानं समजावलं. "मग हॉलचे पैसे भरताना कुणी वगळलं नाही ते," असं सासरे पेपरामागून म्हणाले आणि विषय मिटला. आपल्याकडचं लग्न सर्वांना धरून सुरू होतं. त्यातून सर्वांना वगळल्यावर उरतं काय, याचा शोध म्हणजे हा अर्ज.

पुढची सूचना मध्यस्थांसाठी. त्याच कायद्याचं कलम २४० त्यांना दाखवू नका. पर्मनंट रेसिडेन्सी मिळवून देण्यासाठी लग्न जुळवणं हा त्यात गुन्हा आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंतची. रोख बनावट लग्नं लावणाऱ्यांवर आहे, हे तुम्हाला-मला कळतं. आमचं स्थळ आणलं कोल्हापूरच्या मावशीनं. "अगं बाई, दहा वर्सं? आनि मी तर साडीसुदिक घेतली न्हाई!" असं म्हणून तिनं दोन दिवस फोन उचलला नाही. तिचंही चुकलं नाही. नवऱ्याच्या बायोडेटावर नाव, रास, गोत्र यांच्याही आधी ठळक अक्षरांत काय होतं, तर 'मेलबर्न, पीआर'. उंची चौथ्या ओळीत. स्वभाव कुठेच नाही. तो बायोडेटा फोल्डरमध्ये ठेवू नका. फाडूनही टाकू नका, धाकट्या दिराच्या वेळी मजकूर उपयोगी पडतो.

लग्नपत्रिका मात्र जरूर ठेवा. ती मराठीत असेल तर मान्यताप्राप्त अनुवादकाकडून इंग्रजी करून घ्यावी लागते, आणि इथे खरी करमणूक आहे. आमचा अनुवादक मराठी, पण तिकडेच वाढलेला. त्याचा पहिला फोन 'चि. सौ. कां.' साठी आला. हे वधूचं नाव आहे की आडनाव? मी फोड करून सांगितली : चिरंजीव, सौभाग्य, कांक्षिणी. म्हणजे दीर्घायुषी आणि सौभाग्याची इच्छा करणारी. त्यानं विचारलं, सौभाग्य म्हणजे व्हिसा का? मी म्हटलं, जवळपास. दुसरा फोन 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' या ओळीसाठी. खाली ज्या तीन पोरांची नावं आहेत ती साक्षीदार धरायची का? त्यातलं एक सात महिन्यांचं होतं. तिसऱ्या फोनवर तो बराच वेळ बोलेचना. आजेसासऱ्यांनी हट्टानं जुना मायना घालायला लावला होता : 'यांचा शरीरसंबंध अमुक मुहूर्तावर करण्याचे योजिले आहे.' त्या काळात याचा अर्थ सोयरीक, विवाह, एवढाच होता, हे मी त्याला जमेल तितक्या सभ्यपणे सांगितलं. तो म्हणाला, ताई, शब्दशः ठेवलं तर केसला फायदाच आहे. आम्ही 'विवाह' ठेवलं. अजूनही कधी कधी वाटतं, चुकलंच.

फोटोंचं आधीच ठरवा. आमच्याकडे अकराशे फोटो होते. त्यात आत्या होत्या, जिलेबी होती, रुखवतातला थर्माकोलचा वाडा सात कोनांतून होता. आम्ही दोघंच असलेले निघाले सहा. एकात आमच्या मध्ये अंतरपाट. दुसऱ्यात अंतरपाट नुकताच सरलेला, पण अक्षतांच्या माऱ्यानं दोघांचे डोळे मिटलेले. तिसरा ड्रोनचा, त्यात आम्ही ठिपके. उरलेल्या तिन्हींत मुंडावळ्यांमागे कोण आहे हे शपथेवरच सांगावं लागेल. तेव्हा फोटोग्राफरला आधीच सांगा, बाबा रे, मामांचा एक कमी काढ, पण घास भरवतानाचा नीट काढ. प्रत्येक फोटोखाली तारीख, ठिकाण आणि माणसं लिहायची असतात. 'डावीकडून तिसऱ्या वराच्या आत्याच्या जाऊबाई' हे इंग्रजीत लिहून पाहा, एक संध्याकाळ जाते.

आणि उखाण्याचा व्हिडिओ ठेवा. चारचौघांत नवऱ्याचं नाव घेणं यालाच ते लोक 'सामाजिक बाजू' म्हणतात. नातं लोकांसमोर मांडता का, लोक तुम्हाला जोडपं मानतात का, हे त्यांना हवं असतं. आपल्या आज्या हे प्रतिज्ञापत्र यमकात करून देत होत्या. एक तयार उखाणा देऊन ठेवते, नाव आपापलं घाला :

बँकेचं स्टेटमेंट, विजेचं बिल,
…रावांचं नाव घेते, ऑफिसरचं द्रवो दिल.

पैशाचं प्रकरण लवकर उरकता येतं, कारण दाखवायला काही नसतं. जॉइंट खातं हवं म्हणतात. नवऱ्याचं सांगलीत होतं जॉइंट खातं, आईबरोबर. माझंही होतं, बाबांबरोबर. दागिने लॉकरमध्ये, लॉकर सासूबाईंच्या नावे. या कसोटीवर आमच्या घरात सगळ्यांचं सगळ्यांशी नातं सिद्ध होत होतं, आमचं एकमेकांशी सोडून. मेलबर्नला तीन महिने राहून आले तेव्हा वीज, पाणी, गॅस सगळ्या बिलांवर नाव चढवून घेतलं. माहेरी कौतुकानं सांगितलं, तर आईनं विचारलं, "म्हणजे आता बिल तू भरायचं?"

आता व्हॉट्सअॅप. निकाल लागेपर्यंत चौदा महिने मी सांगलीत, तो तिकडे. मेलबर्नचं घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास, त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच. त्याची झोपायची वेळ झाली की माझ्या फोडण्या सुरू. व्हिसाच्या एजंटनं सांगितलं, प्रेमाचे मेसेज निवडून काढा. चौदा महिन्यांची गप्पाटप्पा आम्ही वर-खाली धुंडाळली.

"जेवलीस?" "हं." "काय?" "वरणभात." "बरं."

दुसऱ्या दिवशी भाजीभाकरी. या 'हं'चा अनुवाद कसा करणार? एक 'हं' म्हणजे हो. एक म्हणजे तुझं ऐकते आहे, पण मला पटलेलं नाही. एक म्हणजे सासूबाई शेजारी बसल्या आहेत, नंतर बोलू. इंग्रजीत तिन्हींचं 'येस' झालं आणि फाइलमध्ये मी जगातली सर्वांत आज्ञाधारक बायको ठरले. एजंट म्हणाला, असं चालणार नाही, अधूनमधून भावना दिसू देत. त्याच रात्री नवऱ्यानं इंग्रजीत पाठवलं, 'आय मिस यू.' माझं उत्तर त्या स्क्रीनशॉटमध्ये अजून आहे : "काय झालं? बरं आहे ना तुला?"

एकमेकांकडून किती सोबत आणि मानसिक आधार मिळतो, हेही त्या १.१५ए कलमात विचारलेलं आहे. "स्वेटर घातलास का", "गोळी घेतलीस का", "पोचलास की मिस्ड कॉल दे" याला आमच्याकडे तेच म्हणतात. पण हे ऑफिसरला सांगायला वेगळं पत्र जोडावं लागलं. कॉलची यादी मात्र दणदणीत निघाली. रोज तास-सव्वा तास. त्यात फोन आधी सासूबाईंकडे, मग सासऱ्यांकडे, मग 'दादा, मला तिकडचे बूट आण' म्हणणाऱ्या नणंदेकडे जायचा. माझ्या वाट्याला चार मिनिटं, तीही चार्जिंग संपत आलेलं असताना. यादीत सगळा वेळ माझ्याच नावावर. इतर सर्वांना वगळायचं काम व्हॉट्सअॅपनं परस्पर केलं.

पहिला व्हिसा तात्पुरता असतो. अर्जापासून दोन वर्षांनी पर्मनंटची पाळी येते आणि संसार पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायचा असतो. तोवर मी मेलबर्नला आले होते, त्यामुळे 'घर' नावाचा रिकामा फोल्डर उघडला. एकत्र कसे राहता, आणि घरकामाची काही वाटणी असेल तर ती काय, हे त्यात लिहायचं. होय, घरकाम. कायद्यात आहे. त्यातला 'काही' हा शब्द मला फार मायेचा वाटला.

नवऱ्यानं जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःचं निवेदन लिहायला घेतलं. पहिलं वाक्य झोकात : 'आम्ही घरकाम समान वाटून घेतो.' मग पेन थांबलं. मी कणीक मळत होते. दोन मिनिटांनी तो म्हणाला, "बिन्स!" आमच्याकडे बुधवारी रात्री कचऱ्याचे डबे रस्त्याकडेला ठेवायचे असतात. लाल झाकणाचा दर आठवड्याला, पिवळा आणि हिरवा आलटून पालटून. याच्यावर त्यानं आठ ओळी लिहिल्या. कुठला डबा कधी, दांडी कुठल्या बाजूला, वारा असला तर काय. डब्यांवर एवढं लडिवाळ गद्य मी दुसरं वाचलेलं नाही. शेवटी एक ओळ : 'स्वयंपाकात ती मदत करते.'

"कुणाला?" मी विचारलं.

खोटं निवेदन देणं गुन्हा आहे, हे त्याला आठवलं. सही शुक्रवारी व्हायची होती. गुरुवारी रात्री त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पोहे केले. भिजवले नव्हते, नुसतेच फोडणीत टाकले. मी ते चावून चावून खाल्ले आणि फोटो काढला. फोटोखाली लिहिलं, 'पती, घरकाम करताना.' तुम्हाला सल्ला असा की हे कागद लग्नाआधीच भरायला घ्या. बायोडेटात जे सापडत नाही ते इथे दुसऱ्या पानावर सापडतं.

साक्षीदारांचा फॉर्म ८८८ असतो. ओळखीच्या दोघांनी लिहून द्यायचं की हे जोडपं खरं आहे. आमच्या एका मित्रानं लिहिलं, 'हे दोघे हीटर किती अंशांवर ठेवायचा यावरून माझ्यासमोर पाऊण तास भांडले, त्यामुळे माझी खात्री आहे.' एजंटनं ती ओळ काढायला लावली आणि 'ते एकमेकांचा आदर करतात' असं घालायला सांगितलं. भांड्याला भांडं लागल्याचा आवाज फाइलमध्ये चालत नाही म्हणे. २०१८ साली सिडनीत बनावट लग्नं लावणारी एक टोळी उघडी पडली. तिच्याशी धागे जुळणाऱ्या १६४ जणांचे जोडीदार-व्हिसाचे अर्ज फेटाळले गेले, तेव्हा ऑफिसरच्या संशयाला कारण आहेच. पण मला त्या फाइली बघायची फार इच्छा आहे. त्यातली जोडपी नक्की सूर्यास्ताकडे बघत उभी असणार, वाढदिवसाचे मेसेज रात्री बाराच्या ठोक्याला, आणि हीटरवरून एक शब्द नाही.

पर्मनंटचा ईमेल आला तो बुधवार होता. नवरा ऑफिसात. मी दोनदा वाचला, मग त्याला मेसेज टाकला, "आलं."

"हं," त्यानं लिहिलं. मग थोड्या वेळानं, "येताना दूध आणू का?"

"आण. आणि आज पिवळा डबा."

"हं."

सवयीनं स्क्रीनशॉट काढला.