चंगळवादाला हरवायचंय? मग आधी फोटो नीट काढा

मंडळी, जुन्या वस्तू विकल्या-घेतल्या की चंगळवाद हरतो म्हणे. तेव्हा त्याला दणका द्यायचा असेल तर कोल्हापुरात बिंदू चौकात जाऊन घोषणा द्यायची काय गरज नाही, घरातला ट्रेडमिल विकायला काढा, बास. तोच हो, ज्याच्यावर दोन वर्षं ओले टॉवेल वाळत पडलेत. टॉवेल बाजूला करा, फोटो मारा, ऑनलाइन टाका आणि खाली लिहा, 'फक्त चार वेळा वापरला, जागेअभावी देणे आहे'. ह्यातला चारचा आकडा खरा असतो, वाईट त्याचंच वाटतं.

मग मेसेज सुरू. 'आहे का?' अरे आहे म्हणून तर टाकलाय. 'लास्ट किती?' एखादा स्वतःला मिलिटरीवाला म्हणवून घेईल, न बघताच ॲडव्हान्स पाठवतो म्हणेल, फक्त हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका, तेव्हा मात्र क्रांती जरा थांबवा, यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. खरं गिऱ्हाईक ताराबाई पार्कातनं स्वतः येतंय, ट्रेडमिलवर पाच मिनिटं चालून बघतंय, चहा पितंय आणि 'घरात विचारून सांगतो' म्हणून जे जातंय ते जातंयच.

जुन्या गाडीत तर लै तत्त्वज्ञान आहे. यामाहाची आरएक्स १०० कंपनीनं बनवायची बंद करून जमाना झाला, १९९६ ची गोष्ट, पण आजही मालकाला 'देणार काय?' विचारून बघा, वडिलोपार्जित जमीन मागितल्यासारखा बघतोय. असली गाडी मागेल त्या भावात घ्यायची, वर तेवढेच पैसे रंगावर आणि क्रोमवर घालायचे आणि आपण नवीन गाडी घेतली नाही म्हणून चारचौघांत साधेपणावर बोलायचं. स्वतःची विकलीसा तर आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० भरून नाव ट्रान्सफर झालं का तेवढं बघा, नाहीतर दाभोळकर कॉर्नरला सिग्नल घेणारा तोडणार आणि चलन तुम्हाला येणार.

आमच्या आईला ह्यातलं काहीच कळत नाही. ती जुन्या साड्या बोहारणीला देते, अर्धा तास हुज्जत घालते, पातेलं घेते आणि विषय मिटला. स्टेटस नाही, हॅशटॅग नाही, अशानं चळवळ वाढायची कशी?

आता आलेल्या पैशाचं काय करायचं? त्यात थोडे घालायचे आणि नवीन आणायचं! पूर्वी दुकानात दहादा विचार व्हायचा, आता 'नाही आवडलं तर विकू की' म्हटलं की हात आपोआप खिशात जातोय. मी ट्रेडमिल सहा हजाराला घालवला आणि दसऱ्याच्या ऑफरमध्ये वीस हजाराची सायकल आणली, घरात बसून मारायची. (रंकाळा घरापासनं दहा मिनिटांवर आहे, पण ते असू दे.) एक मात्र ध्यानात ठेवा, खोका टाकायचा नाही, खोक्यासकट विकलं की भाव बरा येतो. आमचा माळा आता खोक्यांनीच भरलाय, एअर फ्रायरचा तेवढा देवघराशेजारी ठेवलाय.