डबीतल्या कॉमिक्सच्या स्कॅनबद्दल दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल सॉरी, गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं की आम्हालाही जेवण गोड लागत नाही. पण एक स्टार देऊन तुम्ही जे लिहिलं ना, की एका स्कॅनसाठी तीन तास बसवलं, ३०० रुपये घेतले अन् तरी स्कॅन धूसर, मालकानं स्वस्तातला स्कॅनर घेऊन ठेवला, त्याला त्यातलं काही समजत नाही, त्यातलं बसवल्याचं एक वेळ ठीक आहे, ३०० चंही खाली सांगतो, पण ते धूसरचं अन् स्कॅनरचं मनाला लागलं. काहून की रिव्ह्यूसोबत तुम्ही जो फोटो टाकला तो पहिल्या फायलीचा आहे. तुमच्या पेनड्राइव्हमध्ये दोन फायली आहेत भाऊ. दुसरी उघडून पाहिली का?

बाकी वाचणाऱ्यांना समजावं म्हणून सांगतो. भाऊ मराठीतलं जुनं इंद्रजाल कॉमिक्स घेऊन आले होते, वेताळाचं, म्हणजे फँटमचं, अन् ते अमेरिकेतल्या सीजीसी कंपनीच्या कडक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद. ही कंपनी कॉमिक्स तपासून ०.५ पासून १० पर्यंत ग्रेड देते, तो लेबलवर लिहून वरच्या बाजूला लावते, अन् डबी फोडली की तो ग्रेड संपला. म्हणून उघडून स्कॅन करायचा विषयच नव्हता अन् तसं मी सुचवलंही नाही, एवढं मला समजते. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं अन् १९९० ला बंद पडलं, आम्हीही लहानपणी एसटी स्टँडवरून आणून वाचलेलं आहे, आमच्या हाती यायचं तोपर्यंत कव्हर गेलेलं अन् मधली दोन पानं कोणीतरी फाडून नेलेली, त्याला सीजीसीवाल्यांनी काय ग्रेड दिला असता देव जाणे.

आता स्कॅनर. माझ्याकडे दोन आहेत. समोर टेबलावर जो चपटा, नवा दिसतो तो सीआयएस प्रकारचा. त्याच्यात काचेच्या अगदी खाली एक बारीक पट्टी सरकते, तिच्यातच लाल-हिरवे-निळे एलईडी अन् तिच्यातच सेन्सर. ती पट्टी काचेला टेकलेलं तेवढं चकाचक वाचते, जवळच्या चष्म्यासारखं, वस्तू दोन-तीन मिलिमीटर वर उचलली की गेली. अन् तुमच्या डबीत बाहेरचं जाड प्लास्टिक, आत पुस्तकाचं आणखी एक पारदर्शक पाकीट, वरून डबीच्या चारही कडा उचललेल्या, म्हणजे वेताळाचं तोंड काचेपासून चांगलंच अधांतरी. त्या मशीननं धूसर नाही देणार तर काय देणार. कॅननचे लाइडवाले घ्या की एप्सनचा व्ही ३९ घ्या, सीआयएस आहे तिथे हेच होईल, स्वस्त-महागाचा संबंधच नाही.

मग मी तो घेतला काहून? स्वस्त म्हणून नाही घेतला भाऊ. तो यूएसबीच्या वायरवरच चालते, वेगळा अडॅप्टर लागत नाही, म्हणजे लाइन गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम होते. तुम्ही अमरावतीला राहता, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात खेड्यावर लाइनचं काय असते ते पावसाळ्यात येऊन पाहा. माझं गिऱ्हाईक म्हणजे सातबारा, आधार, पासबुकाचं पहिलं पान, जातीचा दाखला. हे सगळं कागद आहे, सपाट, काचेला चिकटून बसते, अन् त्याच्यासाठी याच्याहून चांगली मशीन नाही. पीक विम्याची तारीख जवळ आली की लोक वावरातून तसेच चिखलाच्या पायानं येतात, त्यांना लाइन नाही, उद्या या असं सांगू का मी? पुरा विचार करून घेतलेली वस्तू आहे ती.

तुम्ही आले तो नेमका बाजाराचा दिवस. सकाळपासून लाइन नव्हती, इन्व्हर्टरही बसला होता, अन् विम्यावाल्यांची रांग बाहेर पानठेल्यापर्यंत. मी डबी हातात घेतल्याबरोबर म्हटलं होतं की याला आतला जुना स्कॅनर लागते, तो लाइन आल्याशिवाय चालत नाही, थांबा नाहीतर उद्या या. तुम्हीच म्हणाले, "हा नवा आहे न, याच्यावरच मारा, मला गाडी पकडायची आहे." मारला. धूसर आला. तो तुमच्यासमोर स्क्रीनवर मोठा करून दाखवला अन् त्याचे पैसे घेतले नाही. मग तुम्ही थांबायचं ठरवलं, चहाही घेतला. आता त्याच पहिल्या फायलीचा फोटो गुगलवर टाकून माझं नाव खराब करणं, हे काही बरोबर वाटलं नाही मला, राग मानू नका.

जुना स्कॅनर सीसीडीचा आहे. जाड, अवजड, दिसायला भंगार. पण त्याच्यात दिवा, आरसे, लेन्स असं सगळं असते, लेन्समुळे काचेच्या थोडं वरचंही साफ दिसते, म्हणून डबीतल्या वस्तूला सीसीडीच पाहिजे. दिवा जुन्या पद्धतीचा, तापायला वेळ घेते, मधात लाइन डुबकी मारली की पहिल्यापासून. अन् ए४ ची काच ११.७ इंच, तुमची डबी जवळपास १३ इंच. कॉमिक्स बसते पण वरचं लेबल बाहेर राहते, अन् तुम्हाला तर लेबलासकट पाहिजे होतं. म्हणून दोन वेळा स्कॅन करून जोडावं लागलं. त्यातही डबीची कड मशीनच्या काठावर चढते अन् एक बाजू उचलते, तिला समोरच्या बाजूनं पुठ्ठ्याच्या पट्ट्या देऊन सारखी करावी लागते. जिथं प्लास्टिक काचेला जवळजवळ टेकते तिथं तेल सांडल्यासारखी रंगीत वर्तुळं येतात, तीसुद्धा पट्ट्या दिल्यावरच गेली. झाकण तर लागतच नाही, त्यावर काळं कापड टाकावं लागते. तुम्ही बाजूलाच उभे होते, हे सगळं पाहून राहिले होते.

अन् तीन तासात सगळ्यात जास्त वेळ कशाचा गेला तेही सांगतो. तुम्ही म्हणे ४८०० डीपीआयवर करा, म्हणजे एका इंचात ४८०० ठिपके टिपायचे, क्वालिटी पाहिजे. मी म्हटलं ६०० पुष्कळ झालं. ६०० ला ए४ चं पान कच्चं १०० एमबीच्या आसपास होते, ४८०० ला त्याच्या ६४ पट, म्हणजे साडेसहा जीबी, माझा कॉम्प्युटर काय सरकारी सर्व्हर आहे का. जुनी कॉमिक्स रंगाच्या बारीक ठिपक्यांनीच छापलेली असतात, ४८०० ला वेताळ नाही दिसत, ठिपकेच मोठे दिसतात. तरी तुम्ही ऐकलं नाही, कॉम्प्युटर अडकला, बंद करून चालू करावा लागला, अन् शेवटी ६०० वरच केलं. हे रिव्ह्यूत कुठे आहे?

३०० रुपये दोन स्कॅन, जोडणी अन् डबीवरचे ओरखडे थोडे कमी करायचे घेतले. सुरू करायच्या आधी सांगितले होते. साधा स्कॅन आमच्याकडे १० रुपयांत होते, बोर्डावर लिहिलेलं आहे. ओरखडे पूर्ण नाही गेले ते खरं, पण प्रकाश तिरपा पडला की प्लास्टिकवरचा प्रत्येक ओरखडा चमकते, अन् ते डबीवर आधीपासून होते. मी फक्त चष्म्याचं कोरडं फडकं फिरवलं. थिनर, पेट्रोल असलं काही लावलं नाही अन् कोणी लावूही नका, प्लास्टिक पांढरं पडते.

तुम्ही रिव्ह्यूत शेवटी लिहिलं की आता घरीच स्कॅनर घेतो. घ्या, पण घेताना स्कॅनरच्या खोक्यावर सीसीडी लिहिलं आहे का ते पाहा. एप्सनचा व्ही ६०० सीसीडी आहे, तोही ए४ च, म्हणजे जोडणी आलीच. ए३ चा चपटा घ्याल तर डबी मावेल पण सीआयएस निघाला तर पुन्हा तेच धूसर, अन् ए३ मध्ये चांगला सीसीडी पुष्कळ महाग जाते. दुकानदारानं काही सांगितलं तरी स्टीलची पट्टी सोबत न्या, एक टोक काचेला टेकवा, दुसऱ्या टोकाखाली काडीपेटी ठेवा अन् स्कॅन करा. आकडे कुठपर्यंत वाचता येतात ते पाहिलं की मशीन कळते. अन् खरं सांगू का, नुसतं व्हॉट्सॲपवर दाखवायचं असेल तर सावलीत काळ्या कापडावर डबी आडवी ठेवून वरून सरळ फोटो काढा, तुमच्या मोबाइलचा कॅमेरा माझ्या दोन्ही स्कॅनरपेक्षा महाग आहे.

आमच्याकडूनही सुधारणा करून राहिलो. स्पेशल कामाचा दर वेगळा लिहून लावतो, अशी कामं बाजाराच्या दिवशी शक्यतो घेणार नाही, जुन्या स्कॅनरसाठी लाइनच्या बॅकअपचंही पाहतो सोयाबीन निघाल्यावर, तेव्हाच इकडे हातात पैसा खेळते. आमच्या दुकानाला एकूण रिव्ह्यू बोटावर मोजण्याइतके, त्यात हा एक स्टार सगळ्यात वर दिसते. बँकेचं काम देणारे साहेब लोक आजकाल आधी गुगल पाहतात, त्यांना वेताळ अन् डबी काय माहीत.

जोडलेली फाइल माझ्या कॉम्प्युटरवर अजून आहे, डिलीट केली नाही. पेनड्राइव्हमध्ये उघडत नसेल तर दुकानाच्या नंबरवर मेसेज करा, मेलवर टाकून देतो, पैसे नाही. ती पाहून मग काय लिहायचं ते लिहा, पण फोटो तेवढा बदला भाऊ.