तिसरं पोरगंपण मुंबईलाच जाणार ना?

आमच्या खानदानाच्या ग्रुपवर परत तेच सुरू झालंय. २०२४ च्या डिसेंबरात सरसंघचालक नागपुरात बोलले होते की जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी किती मुलं, २.१ च्या खाली जाता कामा नये म्हणजे तीन मुलं हवीत, त्याच्या थोडं आधी चंद्राबाबूही आंध्रात जास्त पोरं होऊ द्या म्हणाले होते, ते व्हिडिओ अजून फिरतात आणि फिरले की आमचा डोंबिवलीचा दादा खाली लिहितो, बघा, आपण एकेकावर थांबलो म्हणून गाव म्हातारं झालं. दादाला एकच मुलगी, ती पुण्यात नोकरीला. स्वतः तो गावी गणपतीत पाच दिवस. पण गाव का म्हातारं झालं हे सांगायचा मक्ता त्याच्याकडे.

मी इकडे जपानच्या शिमाने प्रांतात बसून हे वाचतो आणि डोकं फिरतं.

साधा घरचाच हिशोब घ्या. आजोबांची सात मुलं जगली. चार मुलगे, चारही मुंबईला, दोघं गिरणीत, एक बेस्टमध्ये, एक गोदीत. आत्या लग्न करून गेल्या त्याही नवऱ्यांमागे लालबाग-परळलाच. म्हणजे सात पोरं काढून देवरुखच्या आतल्या आमच्या वाडीत उरलं कोण, तर आजी आणि एक म्हैस. तीनने काय होणार होतं? तिसरं पोरगंपण मुंबईलाच गेलं असतं, फार तर आता पनवेलच्या पुढे कुठेतरी फ्लॅट घेतला असता.

आणि हे काय आमच्याच घरचं नाही. २००१ ला रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती, २०११ ला १६ लाख १५ हजार. अख्ख्या महाराष्ट्राची वाढत असताना आमची घटली, सिंधुदुर्गाचीपण घटली. २०११ ला राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ बायका आणि रत्नागिरीत ११२२. हे वाचून कोकणात मुलींना किती मान वगैरे पोस्टी फिरतात, मान असेलही, पण मुख्य कारण असं की पुरुष मुंबईत मोजले गेलेत. आधी २००१ ला हा आकडा ११३६ होता, तो उतरला कारण आता बायकापोरंपण सोबत जातात. मनीऑर्डरच्या काळात निदान बायको शेती बघायची आणि घरात पोरांचा दंगा असायचा. आता सगळं बिऱ्हाडच हलतं आणि साठीनंतर जोडपं परत येतं, जसे आमचे आईबाबा आले. म्हणजे खालून तरुण जातात, वरून रिटायर्ड येतात, मग सरासरी वय दुसरं काय होणार?

शिमानेचं उदाहरण मी दादाला कितीतरी वेळा दिलंय. इथला जननदर जपानच्या सरासरीच्या कायम वर असतो. २०२३ ला देशाचा १.२०, टोकियोचा ०.९९ आणि शिमानेचा १.४ च्या वर. म्हणजे दादाच्या थिअरीने टोकियो ओसाड पडायला हवं आणि शिमाने गजबजायला हवं. आहे उलटं. १९५५ ला इथे ९ लाख २९ हजार माणसं होती, २०२० च्या खानेसुमारीत ६ लाख ७१ हजार, त्यातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त ६५ च्या वरची. पोरं इथे होतात, बारावी झाली की हिरोशिमा-ओसाका-टोकियो. इथल्या गल्लीत दिवाळी नसते एवढाच काय तो देवरुखशी फरक.

ह्यावर दादा म्हणतो, जपानचं आम्हाला सांगू नको. आणि गावचे तात्या, वय ७८, त्यांनी एकदा व्हॉइस मेसेजच टाकला, "तू तितं बसून आमाला शिकवू नको." ठीक आहे, नाही शिकवत. पण मग म्हाताऱ्यांचं काय करायचं ते तरी बोला ना. पोरं किती काढायची ह्यावर तीनशे मेसेज आणि जी म्हातारी माणसं आत्ता, आज, वाडीत आहेत त्यांच्यावर एकही नाही.

आमच्या शेजारी एक आज्जी राहतात, नव्वदी पार केलेली, एकट्या. आठवड्यातून तीनदा सकाळी नऊला काइगोची, म्हणजे म्हाताऱ्यांची निगा राखणाऱ्या सेवेची, पांढरी गाडी येते, मागचं दार उघडून रॅम्प खाली येतो, पोरगा वाकून गुड मॉर्निंग करतो, त्यांची काठी आधी आत ठेवतो मग त्यांना. तिकडे आंघोळ, जेवण, व्यायाम, कागदाचे पक्षी वगैरे आणि चारच्या सुमाराला परत घरी. काठी कुठल्या हाताला द्यायची हेपण त्या पोराला पाठ आहे. पैसे त्यांच्या खिशातून साधारण दहावा हिस्सा, बाकी काइगोचा विमा आणि सरकार. हा विमा २००० साली सुरू झाला आणि चाळिशी झाली की प्रत्येकाच्या पगारातून कापतात. माझ्यापण कापतात. म्हणजे मी दर महिन्याला ह्या आज्जींच्या आंघोळीचे पैसे भरतो, आणि माझ्या आईला गुडघ्यामुळे न्हाणीघरातला ओटा चढता येत नाही म्हणून वाडीतल्या एका काकूंना बाबा जीपेवरून पैसे देतात, ते मी पाठवलेले. काकू स्वतः ६६ च्या. लाडकी बहीण ६५ ला बंद होते म्हणून त्या चिडलेल्या असतात, आणि श्रावणबाळचे कागद तलाठ्याकडे फिरतायत.

आता इथलं सगळं सोन्याचं आहे असं कोणी समजू नये. २०२४ मध्ये जपानभर घरात एकटे असताना वारलेल्या माणसांचा पोलिसांचा आकडा ७६ हजारांवर होता, त्यात बहुतेक म्हातारेच. ९० लाख घरं रिकामी आहेत. आमच्या शिमानेतून डोंगरातून जाणारी सान्को लाइन, १०८ किलोमीटर, २०१८ च्या मार्चमध्ये बंद केली, माणसंच नव्हती बसायला. हे मी ग्रुपवर कधी लिहीत नाही, कारण लिहिलं की दादा लगेच म्हणणार, बघ. मी फक्त गाडीचा रॅम्प लिहितो आणि ग्रुपवाले २०११ पासून खणलेला आपला मुंबई-गोवा हायवे लिहितात, असा आमचा संवाद.

माणसं कमी झाली की पुढे काय होतं हे मात्र दोन्हीकडे सारखंच. २०१६ पासून इथे वरच्या सभागृहासाठी शिमाने आणि तोत्तोरी मिळून एक मतदारसंघ केलाय, त्यावर म्हातारे अजून धुसफुसतात. आमच्याकडे २००८ च्या पुनर्रचनेत संगमेश्वर मतदारसंघच गेला, खेडपण गेला. नाथ पै आणि मधु दंडवते जिथून निवडून यायचे तो राजापूर लोकसभा मतदारसंघ नकाशावर उरला नाही. तेव्हा कोणी रस्त्यावर आलं नाही, कारण रस्त्यावर यायच्या वयाची माणसं विरारला होती. आता पुढच्या पुनर्रचनेत आपले खासदार कमी होतील म्हणून दक्षिणेतले लोक ओरडतायत तर आपल्याकडे त्यांची चेष्टा.

ग्रुपवर दुसरा लाडका विषय म्हणजे नेपाळी. रत्नागिरीकडच्या आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कधीपासूनच आहेत, आता आमच्या बाजूलाही आलेत. आमच्या कलमांत एक कुटुंब राहतं, त्यांची दोन पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत आणि खरं सांगायचं तर त्या दोघांमुळेच पट कसाबसा टिकलाय, वीसच्या आतल्या शाळांचं सरकार काय करेल ही टांगती तलवार आहेच. ग्रुपवर मात्र 'हे उद्या गाव गिळतील.' मला हे वाचताना कसंतरी होतं कारण इथला नेपाळी मी आहे. मात्सुए ह्या इथल्या शहरातल्या एका छोट्या कंपनीत कोड लिहितो, राहतो आत डोंगरात कारण घर फुकटाच्या भावात मिळालं, आणि गल्लीतला सगळ्यात तरुण माणूस म्हणून उन्हाळ्यात रस्त्याकडेचं गवत कापायला पहिला फोन मला येतो. म्हातारे चांगले वागतात. पण वीस वर्षांनीसुद्धा 'इंदोचा' म्हणजे भारतातला माणूसच असणार हेही कळतं. २०२० ला मी इथे मोजला गेलो, २०२५ ला परत. आपल्याकडे २०२१ ची झालीच नाही, २०२७ ला होईल तेव्हा माझ्या घरात दोन माणसं लिहितील, दोन्ही सत्तरीच्या पुढची. मग दादा तो आकडा टाकून म्हणेल, बघा.

इथल्या देवळाची पालखी उचलायला खांदे कमी पडले तेव्हा एका संध्याकाळी प्रमुख आजोबा निळा हाप्पी, म्हणजे उत्सवात घालायचा अंगरखा, घेऊन दारात आले, मापाला घट्ट होता, आणि मी उचलली. कोणी विचारलं नाही तू कुठल्या देवाचा. आमच्याकडे शिमग्याला पालखी नाचवायला हल्ली माणसं कमी पडतात, वाडीवाडीत मुक्काम कमी केलेत, मागे एकाने सुचवलं की तो नेपाळ्याचा भाऊ दणकट आहे, ढोलपण बरा वाजवतो, घेऊया की. मानकऱ्यांनी मिटिंग अर्ध्यात मोडली. दादाने ग्रुपवर मानकऱ्यांची बाजू घेतली, डोंबिवलीहून. मी लिहिलं की मग तू जा ना खांदा द्यायला. तो म्हणाला तू ये.

मार्चात इथे आर्थिक वर्ष संपतं, रिलीज असते, सुट्टी कोण देणार. मी देणगी पाठवली. पावतीचा फोटो बाबांनी पाठवला त्यात माझं नाव 'मुंबईकर मंडळी'खाली लिहिलंय. मी राहतो जपानात, पण पावतीपुस्तकात रकाने दोनच, ग्रामस्थ आणि मुंबईकर, आणि ग्रामस्थमध्ये घालायला गुरवाचा हात धजला नसणार.