खुलासा : कोलारची खाण सोनं संपल्यामुळे बंद पडली नाही

‘केजीएफमधलं सोनं संपलं आणि गाव ओस पडलं’ हा कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सबद्दल (केजीएफ, म्हणजे कोलारची सोन्याची खाण) सध्या फिरणारा मजकूर चुकीचा आहे. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली, तेव्हाही खडकात सोनं होतं. ते काढणं परवडत नव्हतं.

सुरुवातीच्या दशकांत एक टन खडक दळला की ४० ग्रॅमहून जास्त सोनं हाती येई. शेवटी जेमतेम ३ ग्रॅम. शिवाय खाण सुमारे ३.२ किलोमीटर खोल गेली होती. तेवढ्या खोलीवर खडकच ६० अंशांच्या वर तापलेला, म्हणून थंड हवा सतत खाली ढकलावी लागे. पाण्याचा उपसाही अखंड. वरच्या दाबाने खडकाचे स्फोट होत आणि बोगदे ढासळत. हा सगळा खर्च त्या ३ ग्रॅमांवर पडे.

‘आशियात वीज प्रथम इथेच आली’ हेही खरं नाही. कावेरीवरच्या शिवनसमुद्र जलविद्युत केंद्राहून केजीएफला वीज आली १९०२ मध्ये. दार्जिलिंगला ती १८९७ मध्येच होती. कोलारचं खरं कौतुक दुसरंच आहे : ती वीज जवळजवळ १४७ किलोमीटर तारांवरून आली, आणि त्या काळी एवढ्या लांबचं वहन जगातही दुर्मीळ होतं.